हिवाळ्यात खिडकीतून आणि घराजवळ पक्षी पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पुणे आणि आसपासचा परिसर डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. घाटमाथ्याच्या पूर्वेला, नगर-नाशिककडे किंवा साताऱ्यात राहणाऱ्यांनाही बरीचशी लागू पडतील. कोकणात आणि विदर्भात पक्षी आणि वेळा थोड्या बदलतात.

पक्षी पाहायला हिवाळाच का? पक्षी तर वर्षभर असतात.

असतात, पण हिवाळ्यात एकाच जागी जास्त प्रकारचे दिसतात. नेहमीचे बुलबुल, साळुंक्या, शिंपी, दयाळ हे असतातच, आणि त्यांच्यात हिमालय, तिबेट, मध्य आशिया, सायबेरिया इथून आलेल्यांची भर पडते. शिवाय काही झाडांची पानं गळतात, पावसाळ्यातलं गवत वाळून बसतं, त्यामुळे पक्षी लपायच्या जागा कमी होतात. नवशिक्याला याचा मोठा फायदा. जुलैत फक्त आवाज ऐकू येणारा पक्षी जानेवारीत समोर बसलेला दिसतो.

पाहुणे पक्षी नेमके कधी येतात?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप आधी. करडा धोबी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, पाऊस चालू असतानाच, नाल्याकाठी शेपटी हलवताना दिसू लागतो. तुतवारही तसाच लवकर येतो. थिरथिरा आणि माशीमार साधारण ऑक्टोबरात. बदकं नोव्हेंबरपासून जमू लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत भरात असतात. थोडक्यात, स्वेटर कपाटातून बाहेर निघेपर्यंत अर्धे पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात.

ते थंडीला घाबरून येतात का?

थंडीपेक्षा उपासमार हे खरं कारण. पिसांचा कोट चांगला असतो, थंडी ते बऱ्यापैकी सोसतात. पण तिकडे बर्फ पडला की किडे नाहीसे होतात, तळी गोठतात, चिखलात चोच घालायची सोय उरत नाही, आणि दिवस इतका लहान होतो की पोटापुरतं शोधायलाही वेळ पुरत नाही. आपल्याकडे पावसाळा नुकताच संपलेला असतो. तळी भरलेली, किडे मुबलक, उंबर-पिंपळाला फळं. सात-आठ ग्रॅम वजनाचा हिरवट वटवट्या हजारो किलोमीटर उडून तुमच्या सोसायटीतल्या आंब्यावर येतो, तो त्या पानांमागच्या अळ्यांसाठी.

मी चौथ्या मजल्यावर राहते, समोर दुसरी इमारत. मला घरातून काय दिसणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी तुमच्या खिडकीतून दिसणारं झाड कोणतं ते पाहा. एकही झाड दिसत नसेल तर आकाश आणि गच्च्या उरतात, आणि त्याही कमी नाहीत. सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमीन तापली की घारी वर चढू लागतात. दुभंगलेल्या शेपटीची ती घार. त्यांच्यात गोल शेपटीचा, जाडसर अंगाचा वेगळा शिकारी दिसला तर थांबून नीट बघा. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर, डिश अँटेनावर किंवा टाकीवर चिमणीएवढा काळपट पक्षी बसून शेपटी थरथरवत असेल, आणि ती शेपटी विटकरी असेल, तर तो थिरथिरा. मादी मातकट असते, पण शेपटीचा रंग आणि थरथर तीच. हा पक्षी माणसाला फार बुजत नाही. पार्किंगमध्ये, बांधकामाच्या विटांच्या ढिगावर, शाळेच्या कुंपणावर, कुठेही दिसतो.

झाड असेल तर मजा आहे. त्यातही उंबर, पिंपळ किंवा वड असेल तर कौतुकच. फळं पिकली की तांबट, कोकिळा, साळुंक्या एकत्र जेवायला येतात, आणि नशिबात असेल तर हरियाल. महाराष्ट्राचा राज्यपक्षी असूनही अनेकांनी तो पाहिलेला नसतो, कारण पानांत बसला की तो दिसतच नाही. हिवाळ्यात मात्र कोवळ्या उन्हाला पिंपळाच्या उघड्या शेंड्यावर हरियालांचा थवा छाती सूर्याकडे करून बसतो. पिवळे पाय आणि मानेखालचा पिवळा पट्टा त्या वेळी साध्या डोळ्यांनाही दिसतो.

आंबा, चिंच, कडुलिंब यांवर बारकी माणसं सापडतात. आंब्यावर बांडगूळ वाढलं असेल तर माळी काढायला निघाला की दोन दिवस थांबवा. त्याची फळं खायला फुलटोचा येतो, भारतातल्या सर्वांत छोट्या पक्ष्यांपैकी एक, अंगठ्याएवढा. त्याची सतत चालणारी ‘चिक चिक चिक’ एकदा ओळखू आली की आपल्या गल्लीत हा किती होता हे कळून चकित व्हायला होतं.

कुंडीत जास्वंद असेल तर शिंजीर येणारच. ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान मादीसारखाच दिसणारा, पण गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ असलेला शिंजीर दिसला तर ती वेगळी जात नव्हे. तो जांभळ्या शिंजिराचा नर आहे, विणीचा झगझगीत पोशाख उतरवलेला. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच रेघेभोवती निळे-जांभळे ठिपके भरत जातात. रोज सकाळी चहा घेताना हा बदल बघता येतो, यासाठी कुठेही जावं लागत नाही.

झुडपातून दिवसभर ‘चक्… चक्…’ असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज येतो. दिसत मात्र काहीच नाही.

बहुतेक ब्लिथचा वेळू वटवट्या. हिवाळाभर मेंदीच्या कुंपणात, घाणेरीत, बोगनवेलीत लपून तो असाच बोलत असतो. दिसला तरी तपकिरी आणि फिकट, निराशा करणारा. त्याला बाहेर काढायला झुडूप हलवू नका. आवाज ओळखलात म्हणजे पक्षी ओळखलात, नोंदीत तेवढं पुरतं.

दुसरा असाच फसवा आवाज म्हणजे झाडाच्या मधल्या फांद्यांतून येणारा कोरडा ‘टर्रर्र’. तिथे शेपटी वरखाली झटकणारा, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग असलेला छोटा पक्षी शोधा. तो लाल छातीचा माशीमार. नावावर जाऊ नका, बऱ्याच जणांच्या छातीवर लाल रंगाचा मागमूसही नसतो. प्रौढ नराचाच गळा नारिंगी.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास, म्हणजे प्रकाश किती आत येणार. दुकानदार १० किंवा १२ पटीची गळ्यात मारायला बघतात. तिच्यात हात थोडा हलला तरी चित्र नाचतं आणि दृश्य अरुंद होतं, म्हणजे पानांतला पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. वीस-तीस पटीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त झूम दुर्बिणी तर अजिबात घेऊ नका. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा खाली करता येतात का, आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का, ते दुकानातच पाहा.

पहिला महिनाभर दुर्बीण नसली तरी चालतं. धोबी, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, भारद्वाज यांना दुर्बीण लागत नाही.

आणि कॅमेरा?

हा माझा हट्ट समजा, पण पहिल्या हिवाळ्यात कॅमेरा घरी ठेवा. फोटोच्या नादात पक्षी काय करतोय ते बघायचं राहून जातं. शंका राहिलीच तर मोबाइलने दुर्बिणीतून काढलेला धूसर फोटोही ओळखायला पुरतो. भल्यामोठ्या लेन्स आणि पानापानांचे कपडे घातलेली मंडळी दिसली तर दबून जाऊ नका. त्या कपड्यांपेक्षा गप्प बसणं आणि सावकाश हलणं याचा उपयोग जास्त होतो. भडक पांढरा आणि लाल टाळला की झालं.

मला सगळे पक्षी तपकिरीच दिसतात. ओळखायला सुरुवात कुठून करू?

रंगापासून करू नका. आधी आकार : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की त्याहून मोठा? मग तो कुठे होता : जमिनीवर, खोडावर, शेंड्यावर, तारेवर, पाण्याच्या कडेला? मग काय करत होता? चालत होता की टुणटुण उड्या मारत होता? शेपटी हलत होती का, आणि कशी? रंग सगळ्यात शेवटी.

धोब्यांचं उदाहरण घ्या. सगळे जमिनीवर चालतात, सगळे शेपटी वरखाली करतात. नदीकाठी काळं डोकं, काळी पाठ आणि ठळक पांढरी भुवई असलेला मोठा धोबी दिसला तर तो आपला बारमाही रहिवासी, पाहुणा नव्हे. पाठ राखाडी, चेहरा पांढरा आणि छातीवर काळा डाग, तर पांढरा धोबी, हिवाळी पाहुणा. पोट पिवळं आणि पाठ राखाडी, शेपटी फारच लांब, तर करडा धोबी. तो बहुधा एकटा, वाहत्या पाण्याजवळ. पोट पिवळं पण पाठ हिरवटसर, आणि गुरांच्या पायाशी किंवा ओल्या गवतात पाच-पंचवीस जण मिळून फिरताहेत, तर पिवळा धोबी. करड्याच्या पिवळ्या पोटामुळे निम्मे लोक त्यालाच पिवळा धोबी म्हणतात.

कोतवालांचंही असंच. तारेवर बसलेला काळाकुट्ट तो नेहमीचा कोतवाल. झाडीतल्या उंच फांदीवर पाटीच्या दगडासारख्या रंगाचा, लालभडक डोळ्यांचा बसला असेल तर तो राखी कोतवाल, हिमालयातून थंडीपुरता आलेला.

मोबाइलवरच्या ॲपवर किती भरवसा ठेवावा?

मर्लिन हे ॲप फुकट आहे, चांगलं आहे, आवाजावरूनही सुचवतं. पण ते सुचवतं, निकाल देत नाही. रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी आणि खारीची चिरचिर यांनीही ते चकतं, आणि दयाळ दुसऱ्यांच्या नकला करतो तेव्हा तर विचारूच नका. ॲपने नाव दिलं की तो पक्षी डोळ्यांनी शोधा, सापडला तरच वहीत लिहा.

पक्षी जवळ यावा म्हणून त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला तर?

नको. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला. खाणं सोडून तो भांडायला येतो आणि भांडायला कोणी सापडत नाही. हिवाळ्यात आपल्याकडची घुबडं विणीच्या तयारीत असतात, पिंगळ्यांच्या ढोलीशी तर हे मुळीच करू नये. किडे मांडून पक्षी फोटोच्या टप्प्यात आणणं मला त्याच पंगतीतलं वाटतं.

गॅलरीत दाणे ठेवावेत का?

पाणी ठेवा, दाणे नकोत. दाण्यांवर शहरात पारवे येतात, पारव्यांमागे त्यांची विष्ठा, आणि त्या विष्ठेच्या धुळीमुळे काही जणांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. भावना समजू शकते, पण पारव्यांना आपल्या ज्वारीची गरज नाही, आणि बुलबुल, शिंपी, माशीमार दाण्यांसाठी येतही नाहीत.

पाण्यासाठी मातीचं पसरट परळ घ्या, दोन बोटं पाणी, बसायला मधे एक खडबडीत दगड. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय व्हायची. जवळच आडोशाला कुंडी असावी, म्हणजे शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर लपता येतं. शिक्रा येईलच असं नाही, पण खार अचानक खच्चून ओरडू लागली आणि बुलबुल गप्प झाले की मान वर करून बघा.

जवळची फेरी कुठे मारावी? उजनी धरणाकाठच्या भिगवणला रोज जाणं शक्य नाही.

जाऊही नका. घरापासून वीस मिनिटांत पोचता येईल अशी एकच जागा निवडा आणि हिवाळाभर तिथेच जात राहा. नोव्हेंबरात नसलेला पक्षी डिसेंबरात आला, फेब्रुवारीत गेला, हे त्याच वाटेवर कळतं. दर रविवारी नव्या जागी जाणाऱ्यांच्या याद्या लांब होतात, पण आपल्या जागेची चाल त्यांना समजत नाही.

पुण्यात तीन प्रकारच्या जागा जवळ आहेत. टेकडी, नदी, आणि जुनी झाडं असलेली आवारं.

टेकडी म्हणजे वेताळ टेकडी किंवा तुमच्या जवळची कुठलीही. उतारावरच्या गवतात तित्तिर ओरडतो, झुडपांत सातभाईंचं भांडण चालू असतं, आणि झाडाखालून दबक्या पावलांनी चालणारे, पाय वाजला की एकेक करून वर झाडात जाऊन बसणारे रेघारेघांचे पक्षी दिसले तर त्या तीरचिमण्या. खाणीच्या कड्याजवळ थिरथिरा हमखास. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला अंधारात धडपडत चढण्यात अर्थ नाही, पक्षीही ऊन यायची वाट बघतात. सात ते साडेनऊ उत्तम. शक्यतो दोघंतिघं मिळून जा आणि संध्याकाळी अंधाराच्या आत उतरा.

आवारं म्हणजे विद्यापीठ, एम्प्रेस गार्डन, जुन्या बंगल्यांच्या गल्ल्या. हळद्या, राखी कोतवाल, माशीमार इथे भेटतात. परवानगी लागत असेल तर घ्या.

नदी तर गटार झाली आहे. तिथे कशाला जायचं?

नाकाला रुमाल लावून जा, पण जा. मुळा-मुठेच्या काठावर येरवड्याजवळ डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा परिसर आहे, आणि सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट. कवडीपाटच्या जुन्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की एका नजरेत शेकाटे, चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदकं, पाणकावळे, राखी बगळे आणि धोबी दिसू शकतात. संस्कृत काव्यात रात्रभर विरहाने व्याकूळ होणारी चक्रवाकाची जोडी इथे भरदुपारी प्लास्टिकच्या पिशव्यांशेजारी शांतपणे पिसं साफ करत असते.

यावरून नदी ठीक आहे असं कोणी म्हणालं तर मानू नका. मैल्यामुळे पाण्यात सेंद्रिय माल वाढतो, त्यावर डासांच्या भाईबंदांच्या लाल अळ्या आणि गोगलगायी वाढतात, आणि त्या खाणाऱ्यांची चंगळ होते. शेकाटे आणि धोबी वाढतात ते यामुळे. स्वच्छ पाण्यात बुडी मारून मासा धरणाऱ्यांचं मात्र अवघड होतं. म्हणून नुसतं ‘किती पक्षी’ न मोजता कोणते मोजले तेही लिहा. जलपर्णीने झाकलेल्या तळ्यावर बदकं का उतरत नाहीत, हेही त्यातूनच कळेल : त्यांना उतरायला मोकळं पाणीच उरलेलं नसतं.

भिगवणला एकदा तरी जायचं आहे. रोहित (फ्लेमिंगो) कधी येतात?

तारखेपेक्षा धरणाची पातळी विचारा. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडला की रोहितांना चरता येतं, म्हणून साधारण जानेवारी ते मार्च बरा. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर ते उशिरा जमतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी राजहंस डिसेंबर-फेब्रुवारीत शेतांत उतरलेले दिसतात. नाववाल्याला आधीच सांगा की थव्यात नाव घालायची नाही. थवा उडाला तर फोटो छान येतो, पण त्या उड्डाणाची किंमत पक्षी मोजतात. मुंबईकरांनी यासाठी एवढ्या लांब येऊ नये, त्यांच्याकडे ठाण्याची खाडी आहे.

नोंदी ठेवून काय उपयोग? मी काही शास्त्रज्ञ नाही.

म्हणूनच उपयोग. शास्त्रज्ञ तुमच्या गॅलरीत रोज उभे राहू शकत नाहीत. तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं पाहिलं, कोणते आणि किती, एवढं पुरे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर ते देशभरच्या माहितीत जमा होतं. सुरुवातीला निमित्त हवं असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह आहे, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस घराजवळच्या पक्ष्यांची जगभर गणना होते. तिच्यात पंधरा मिनिटांची गॅलरीतली नोंदही चालते. कावळे आणि पारवे लिहायला लाजू नका. चिमण्या कुठे कमी झाल्या हे कळतं ते कोणीतरी चिमण्या लिहून ठेवल्या म्हणूनच.

मुलांना सोबत नेऊ का?

न्या, पण तीन तास चालवू नका. एकच काम द्या : आज फक्त शेपट्या बघायच्या, किंवा फक्त चोची. खाऊ लागतोच. आजी-आजोबांना चढ झेपत नसेल तर फुललेल्या सावरीखाली खुर्ची टाकून द्या, तासाभरात टेकडीवरच्या मंडळींपेक्षा त्यांचीच यादी मोठी होते.

संक्रांतीनंतर झाडावर मांज्यात अडकलेला पक्षी दिसला. काय करू?

नायलॉन मांज्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी तो मिळतोच. पक्षी उंचावर असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दलाला कळवा. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनीही आहे. हाताशी असेल तर अंगावर हलकं सुती फडकं टाकून धरा. मांजा ओढून काढू नका, तो कातडीत रुतलेला असतो. दोन्ही टोकं कापा आणि बाकीचं डॉक्टरांवर सोडा. काचेवर आपटून पडलेला पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तास-दोन तासांत सावरला तर बाहेर नेऊन खोकं उघडा. पाळायला ठेवू नका. आपले रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात पोपटही आला.

हे पाहुणे परत कधी जातात?

बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये. सगळ्यात शेवटचा तमाशा भोरड्यांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा आणि पळस फुलले की गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे त्यांवर तुटून पडतात, संध्याकाळी आकाशात एकवटून वळणं घेतात आणि ठरलेल्या झाडांवर प्रचंड गलका करत रात्र काढतात. एप्रिलमध्ये तेही निघतात. धोबी आणि माशीमार शेवटचे कधी दिसले ती तारीख लिहून ठेवा. आलेल्याची तारीख सगळे लिहितात, गेल्याची फार थोडे.